डाग गालावर, शस्त्रक्रिया डोळ्याची

“डाग गालावर होता, मग चाकू डोळ्याला कशाला लावलात? थेंबांवर भागलं नसतं का?” कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी येणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी विचारले आहे.

मुलीच्या कपाळापासून उजव्या पापणीवरून गालापर्यंत जन्मतःच जांभळट लाल डाग होता. मी ग्रहणात विळी हातात धरली असणार, असा निवाडा आप्तांनी लगेच दिला. प्रत्यक्षात तो स्टर्ज-वेबर सिंड्रोम, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एक जन्मजात विकार होता. गर्भाच्या वाढीत एखाद्या पेशीतील जीएनएक्यू जनुक बदलल्याने तो होतो, हे २०१३ मध्ये उघड झाले. तो आईबापांकडून येत नाही, ग्रहणाकडून तर नाहीच. डाग वरच्या पापणीवर असला की त्या बाजूला काचबिंदूची, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब वाढून नजर जाण्याची धास्ती अधिक असते.

तिचा उजवा डोळा टपोरा होता आणि आम्ही त्याचे कौतुक करीत होतो. महाद्वार रोडवर उन्हात नेले की ती माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. पुण्यात भूल देऊन मोजले, तेव्हा उजवे बुबुळ साडेबारा मिलिमीटर भरले, डावे साडेदहा. तान्ह्या डोळ्याची भिंत लवचीक असते, त्यामुळे आतला दाब वाढला की डोळाच ताणला जातो. टपोरेपणा काचबिंदूचा होता.

डोळ्याच्या आतले पाणी (अश्रू नव्हेत) वाहून जाण्याची वाटच जन्मतः नीट घडलेली नसेल, तर थेंब किती दिवस पुरणार? शिवाय या सिंड्रोममध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील शिरांतही दाब वाढतो, म्हणजे मोरी मोकळी केली तरी पुढचे गटार तुंबलेलेच. म्हणून डॉक्टरांनी ट्रॅबेक्युलोटॉमीने जुनी वाट फोडली आणि त्याच वेळी ट्रॅबेक्युलेक्टॉमीने पाण्याला पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली नवी वाट काढून दिली. अशा डोळ्यांत पडद्यामागच्या थरात रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि दाब एकदम उतरला तर तो थर फुगून रक्तस्राव होऊ शकतो, हे त्यांनी संमतिपत्रावर सही घेण्याआधी दोनदा सांगितले. सही यांनी केली. माझ्याने पेन धरवले नाही.

नंतर डोळा चोळू नये म्हणून तिच्या कोपरांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधल्या होत्या. त्या ती पाळण्याच्या कठड्यावर आपटत बसे.

आता ती सहा वर्षांची आहे. उजव्या डोळ्याला काम करायला लावण्यासाठी डाव्यावर रोज दोन तास पट्टी असते, आणि दाबाची तपासणी तर जन्मभराची आहे. डोळा पूर्ववत झाला का, असेही विचारतात. ताणलेला डोळा पुरता माघारी आलेला नाही. तो आजही टपोराच आहे, आणि चष्मा लावला की त्याच डोळ्याने ती महाद्वार रोडवरच्या पाट्या वाचते.