आठ तारखेची विक्री

म्हापशाच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडून फोन आला तेव्हा सप्टेंबरची दहा तारीख होती. चवथ तोंडावर आलेली, आणि ऑगस्टचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायची मुदत अकरा. हिशेब बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "ऑगस्टची विक्री तिसऱ्या हिश्शानं कमी दिसते. आणि शेट म्हणतात, एवढा माल तर कधीच गेला नव्हता!"

त्यांच्याकडची मांडणी गोव्यातल्या बऱ्याच दुकानांत दिसते तशीच. काउंटरवरचं बिलिंग कुणीतरी पूर्वी बनवून दिलेलं, त्याची माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मधला दुवा म्हणजे एक्सेलमधला एक मॅक्रो, आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम. तो ओडीबीसीवरून, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या विंडोजमधल्या सोयीवरून, बिलं ओढतो, त्यांचं टॅलीला कळणाऱ्या साच्यात एक्सएमएल करतो आणि टॅलीच्या ९००० नंबरच्या पोर्टवर (माहिती आत घ्यायच्या दारावर) ढकलतो. महिना संपला की ताई बटण दाबतात, एवढंच. पण ऑगस्टच्या मध्यावर वीज पडून त्यांचा कॉम्प्युटर गेला होता. नवा आला, आणि तो बसवणाऱ्याचा जीव ओडीबीसीच्या ड्रायव्हरपायी, म्हणजे डेटाबेस जोडून देणाऱ्या प्रोग्रामपायी, मेटाकुटीला आला होता म्हणे.

त्यात त्याचा दोष नाही. ऑफिस ३२ बिटचं असेल तर त्याला ६४ बिटचा ड्रायव्हर दिसतच नाही, आणि विंडोजमध्ये ओडीबीसीची सेटिंग करायचे प्रोग्राम दोन असूनही फाइलचं नाव एकच. त्यातही ६४ बिटचा 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये आणि ३२ बिटचा 'सिसवॉव६४'मध्ये! पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही थट्टाच वाटते. तर त्यानं ते निस्तरलं, 'कनेक्शन सक्सेसफुल' आलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या धंद्यात मी त्या दोन शब्दांवर सगळ्यात कमी विश्वास ठेवतो. दार उघडलं एवढंच ते सांगतात. आत काय आलं याचा त्यांना पत्ता नसतो.

मी आधी मायएसक्यूएलमध्ये थेट बेरीज काढली. ऑगस्ट पुरा होता, शेटांचं म्हणणं बरोबर. म्हणजे माल वाटेत सांडत होता. टॅलीचं डे बुक, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, उघडतोय तोवर ताई म्हणाल्या, "दुसरी एक भानगड आहे रे. जूनचं रिटर्न कधीच भरलंय, पण जूनचा आकडा आता वाढलाय. सगळी भर ८ जूनला. आणि ८ जुलैलाही."

मी ८ मे उघडला. तिथंही. मग उगाच ८ ऑक्टोबर टाकून पाहिला. अजून न आलेल्या त्या दिवशीही तांदूळ, गूळ, तूरडाळ विकलेली होती.

तिथंच उलगडा झाला. बिलिंगमध्ये तारीख तारखेच्या रूपात नव्हतीच, साध्या मजकुराच्या रूपात होती, '०५/०८' अशी, आधी दिवस आणि मग महिना. मॅक्रो तिची तारीख करताना कॉम्प्युटरच्या रीजन सेटिंगवर (कुठल्या देशाच्या रीतीनं तारीख वाचायची ते) विसंबून होता, आणि नव्या कॉम्प्युटरवर रीजन राहिलं होतं अमेरिका, जिथं आधी महिना आणि मग दिवस. त्यामुळे ५ ऑगस्ट झाला ८ मे. तेरा तारखेपासून मात्र सगळं सुरळीत, कारण तेरावा महिना नसतो. अशा वेळी एक्सेलमधलं ते फंक्शन चूक दाखवत नाही, गुपचूप उलटं वाचून बघतं आणि बरोबर तारीख देतं. हा शहाणपणा मला सगळ्यात घातक वाटतो. एकतीसही दिवस चुकले असते, तर ताईंनी पहिल्याच मिनिटाला आरडाओरडा केला असता.

पहिल्या बारा दिवसांतला ८ ऑगस्ट तेवढा जागच्या जागी. १, २ आणि ३ ऑगस्टची बिलं तर कुठंच नव्हती. ती जानेवारी, फेब्रुवारी, मार्चात जाऊ बघत होती आणि कंपनीची पुस्तकं १ एप्रिलपासूनची, म्हणून टॅलीनं घेतलीच नाहीत. न घेतल्याचं टॅली उत्तरात सांगतं: किती एंट्र्या झाल्या, किती नाकारल्या. मॅक्रो ते उत्तर वाचतच नव्हता. राग आला तो याचा.

शेट म्हणाले, "मग ते अमेरिका काढून इंडिया करा आणि मोकळे व्हा." तेवढ्यानं त्या दिवसाचं भागलं असतं, पण पुढचा कॉम्प्युटर आला की पुन्हा हेच. मी आधी टॅलीचा बॅकअप घेतला. ऑगस्टच्या बिल नंबरांच्या मालिकेत बसणारी पण भलत्या तारखेची व्हाउचर, म्हणजे टॅलीतल्या नोंदी, ताईंसमोर एकेक टिक करून काढली. मॅक्रो डेटाबेसकडे माहिती मागतो ती क्वेरी अशी बदलली की तारखेचा अर्थ मायएसक्यूएलनंच लावायचा, दिवस-महिना-वर्ष हा क्रम त्याला स्पष्ट सांगून, आणि टॅलीला हवी तशी वर्ष-महिना-दिवस आठ आकड्यांत पाठवायची. नाकारलेल्या एंट्र्यांचा आकडा आता लाल अक्षरांत समोर येतो. जाता जाता आणखी एक दिसलं: मॅक्रो डेटाबेसमध्ये शिरत होता तो थेट 'रूट' म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावानं! त्याच्यासाठी फक्त वाचण्यापुरता वेगळा युजर केला.

मग रीजन मुद्दाम अमेरिकाच ठेवून ऑगस्ट पुन्हा ओढला. बेरीज पैशापर्यंत जुळली. शेटांनी चहा मागवला.

ताई चहा घेता घेता थांबल्या. "डिचोलीच्या दुकानातही हा कॉम्प्युटर बसवणाऱ्यानंच नवा बसवलाय."

तिथल्या मुलाला फोन लावला. म्हटलं, स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख असते, ती जशी दिसते तशी वाच.

"नऊ, दहा, आणि वर्ष," तो म्हणाला.

"टॅलीचा बॅकअप घे आणि मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस," असं सांगून मी लॅपटॉप बंद केला.