सपाट झालेला आलेख

मुलगा अमळनेरचा, एमएस्सीच्या प्रोजेक्टवर. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू. त्याची संगणकावर नक्कल करणाऱ्या त्याच्या पार्टिकल-इन-सेल रनमध्ये (कण सुटे फिरतात, क्षेत्र ग्रिडच्या चौकोनी घरांवर मोजतात) इलेक्ट्रॉनांचं तापमान २ इलेक्ट्रॉनव्होल्टपासून चढत साडेचारपाशी थांबलं. आलेख सपाट झाला म्हणून त्याने ‘प्लाझ्मा स्थिरावला’ असं लिहिलं आणि विभागात कुणालाच ते खटकलं नाही. खटकायला हवं होतं. बाहेरचं क्षेत्र नाही, टकरी बंद, एका कडेने गेलेला कण दुसरीकडून आत. मग ऊर्जा आली कुठून?

अशा वेळी एका रनला एकच गोष्ट बदलायची. टाइमस्टेप, म्हणजे गणनेचं एक पाऊल, ३५ पिकोसेकंदांचा निम्मा केला, चढ तोच. घरामागे इलेक्ट्रॉन ५० चे २०० केले. चढ उशिरा सुरू झाला, पण थांबला तिथेच. कण कमी पडल्याच्या नुसत्या गोंगाटाचं काम असतं तर चढाचा वेगच चौथाईवर आला असता. शेवटी ग्रिडचं घर ०.५ मिलिमीटरचं १ केलं आणि तापमान जवळपास चौपट वर जाऊन थांबलं. चोर तिथे सापडला.

घनता दर घनमीटरला १० चा १६ वा घात, तापमान २ इलेक्ट्रॉनव्होल्ट. डिबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरात प्लाझ्मा एखाद्या विद्युतभाराचा परिणाम झाकून टाकतो ती, जेमतेम ०.१ मिलिमीटर. घर तिच्या पाचपट. दोन घरांपेक्षा आखूड लाटा ग्रिडला दिसत नाहीत, पण पुसल्याही जात नाहीत. ग्रिड त्यांना लांब लाटा समजून मोजतो आणि ते खोटं क्षेत्र इलेक्ट्रॉनांना ढकलत राहतं. इलेक्ट्रॉन तापले की डिबाय लांबी वाढते. ती घराच्या साधारण एक तृतीयांश झाली की ढकलणं मंदावतं. तो सपाटपणा प्लाझ्माचा नव्हताच, ग्रिडचा होता.

विभवाची (व्होल्टेजची) चित्रं काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी १-२-१ चा फिल्टर घालून ठेवलेला, म्हणजे प्रत्येक घराची शेजाऱ्यांबरोबर सरासरी. घरागणिक वरखाली होणारी करवत त्यात गुळगुळीत झाली. ती दिसली असती तर पोराने पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं. मूळ चुकीपेक्षा या फिल्टरचा राग जास्त आहे.

“आते काय करानं, सर?”

घर ०.१ चं करायचं. ५ सेंटिमीटरच्या चौकोनात १०० गुणिले १०० ऐवजी ५०० गुणिले ५०० घरं. घरामागे ५० इलेक्ट्रॉन, ५० आयन, म्हणजे अडीच कोटी कण. कणामागे ४० बाइट धरले तर १ जीबी, ते कुठल्याही मशीनवर बसतं. काम मात्र २५ पट, आणि मे महिन्यात जळगावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून दर ५००० स्टेपला चेकपॉइंट, म्हणजे तिथपर्यंतची स्थिती जतन, दोन फायलींत आलटून पालटून. लिहिता लिहिता वीज गेली तरी आधीची शाबूत राहते.

तापमान आता दोनवरच आहे. पुढचा रन १३.५६ मेगाहर्ट्झच्या व्होल्टेजवर पेटवलेल्या प्लाझ्माचा, म्हणजे डिस्चार्जचा. त्यात मध्यभागी घनता चौपट झाली की डिबाय लांबी निम्मी होते, आणि तेच घर पुन्हा मोठं पडतं. त्यामुळे कोड आता दर १००० स्टेपला घर भागिले डिबाय लांबी हे प्रमाण प्रत्येक घरासाठी काढून त्यातलं सगळ्यात मोठं छापतो. काल रात्री ते १.९ वर होतं.