नरारा : ओहोटीच्या वेळेत पाहायचे राष्ट्रीय उद्यान

कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान पाहायचे ठरले, तेव्हा रेल्वेच्या तिकिटांआधी मी पंचांग उघडले. १९८२ साली घोषित झालेल्या देशातील या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात नराराच्या किनाऱ्यावर चालत जाऊन जिवंत प्रवाळ पाहता येतात; मात्र ते ओहोटीच्या मोजक्या तासांतच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत दूर हटत असले, तरी त्या दिवशी पूर्ण ओहोटी तिथे भल्या पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि अष्टमीच्या सुमारास ती दुपारी आली तरी भांगामुळे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असल्यामुळे, पाणी फारसे मागे जात नाही. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब आखातात जसाच्या तसा लागू पडत नसल्याने भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडून पाहिले आणि हिवाळ्यातली वद्य तृतीया निवडली.

जामनगरहून पहाटे निघालो. वनखात्याच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून, शुल्क भरून आणि वाटाड्याला सोबत घेऊन आत शिरल्यावर प्रथम तिवरांची झाडी लागते, पुढे घोट्यापर्यंत रुतवणारा चिखल, मग वाळूचा पट्टा आणि शेवटी पाण्याच्या डबक्यांनी भरलेला प्रवाळांचा खडकाळ भाग. मागे वळून पाहिले की वाडीनारच्या तेलप्रकल्पांच्या टाक्या दिसतात, हेही या उद्यानाचे वास्तव आहे. बंद, घट्ट तळव्यांचे जुने बूट आवश्यकच आहेत. सपाता चिखलातच राहतात आणि खडक पाय कापतो.

डबक्यांत समुद्रफुले, खेकडे आणि खडकाच्या रंगात मिसळलेला एक ऑक्टोपस दिसला. पर्यटकांसाठी पफर मासा हातात धरून फुगवून दाखवण्याची प्रथा मला खटकली, कारण ते फुगणे म्हणजे भ्यालेल्या माशाचा बचाव असतो. आम्ही वाटाड्याला तसे आधीच सांगितले आणि त्यानेही ते मानले. पाऊल कुठे टाकायचे हेही त्यालाच विचारावे, कारण मळकट दगड वाटतो तो पुष्कळदा जिवंत प्रवाळ असतो.

पाणी वळण्याच्या आतच त्याने आम्हाला परत फिरवले. दुपार मोकळी राहते, ती खिजडिया पक्षी अभयारण्याला द्यावी. तिथल्या बांधाच्या एका अंगाला गोड्या पाण्यातली बदके आणि दुसऱ्या अंगाला खाऱ्या दलदलीतले रोहित पक्षी एकाच फेरीत पाहता येतात.