होडी खंय ओढूची?

"मामी, तुमच्या किनाऱ्यावर मोठं रिसॉर्ट झालं तर बरंच की ओ. आम्हा बेळगावकरांची राहायची सोय."

शिरोड्याच्या मामी चहा पीत होत्या. बशी खाली ठेवली.

"तुमी दोन दिवस येतल्यात. मगे आमी होडी खंय ओढूची?"

काय बोलणार? इतकी वर्षं आंबोली उतरून शिरोड्याला जातोय, सुरूच्या बनात डबे सोडतोय. वाळूवर ओढलेल्या होड्या म्हणजे आमच्या फोटोंची शोभा! तिथला १९३० चा मिठाचा सत्याग्रह मात्र तोंडपाठ.

मागच्या रविवारी कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाकडं गेलेलो. जांबोटीच्या रस्त्याला रिसॉर्टचे बोर्ड बघून खूश झालेलो.

तिथं गुरं कुठं चरत होती आधी?