पोस्टरवर बाटली नको

एप्रिलमध्ये सोलापुरात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशाच एका दुपारी ती विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, दोन रिक्षा बदलून आली, सोबत आठ वर्षांचा मुलगा. खरं नाव सांगणार नाही, इथं त्याला सोन्या म्हणू. मी विशेष शिक्षिका आहे. मुलांना शिकवण्यापेक्षा आई-बापांचं ऐकण्यातच माझा जास्त वेळ जातो.

"काल बेरीज येत होती मॅडम, आज इचारलं तर नुसतं बगत बसतंय. दुसऱ्याची पेन्सिल उचलतंय आन म्हणतंय माझीच हाय. मारलं, उपाशी ठेवलं. रडतंय, आन दुसऱ्या दिवशी परत तेच."

शाळेनं वहीत 'खोटं बोलतो' असा शेरा मारून पाठवला होता. आधी कुणीतरी चंचलपणा म्हणून गोळ्याही दिल्या होत्या. सोन्या तोवर माझ्या टेबलाखाली जाऊन बसला होता. गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचा, विषय काढल्यावर बाहेर आला आणि कागदावर मिरवणुकीतले सातही नंदीध्वज काढून दाखवले, एकेकाची सजावट वेगळी. मग मी विचारलं, सात आणि पाच किती? तो पंख्याकडे बघत राहिला.

चित्र काढताना त्याचा चेहरा नीट दिसला. वरचा ओठ अगदी पातळ. नाकाखाली जी पन्हाळ असते, ती जवळजवळ सपाट. डोळ्यांच्या फटी लहान. हे मी प्रशिक्षणात फक्त फोटोत पाहिलं होतं.

आता विचारायला हवं होतं, आणि तिथंच माझं अडलं. चौदा वर्षं मी जो फॉर्म भरतेय, त्यात 'वडिलांचं व्यसन' असा रकाना आहे. आईचा नाहीच. छापणाऱ्याला सुचलं नाही आणि मलाही कधी खटकलं नाही.

"ताई, हा पोटात असताना ताडी, दारू असं काही घेतलं होतं का? मी सगळ्यांनाच विचारते."

दुसरं वाक्य साफ खोटं होतं.

ती पदराच्या टोकाची सुरळी करत होती, विडी वळल्यासारखी. बोटं थांबली. "हजार विड्या झाल्या की पाठ धरायची. आत्याबाई म्हणायच्या, ताडी थंड असती, घे घोटभर, झोप लागंल. मालक दारू आणायचे, कधी त्यातलीबी. दिवस गेल्यालं चौथ्या महिन्यात कळलं. नंतरबी घेतली की, थंड असती म्हणून." थोडं थांबून तिनं विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळापर्यंत जाते आणि ती पचवण्याइतकं त्याचं यकृत तयार नसतं, एवढं मी सांगितलं. आणि हेही, की तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. हे मात्र खरं होतं.

पुढं बालरोगतज्ज्ञांनी पारदर्शक पट्टीनं डोळ्यांची लांबी मोजली, डोक्याचा घेर घेतला, दुसरी कारणं आहेत का ते तपासलं. काही आठवड्यांनी नाव मिळालं: फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, एफएएसडी. आजार नवा नाही. 1968 मध्ये फ्रान्समध्ये आणि 1973 मध्ये अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी अशा मुलांची वर्णनं छापली होती. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात त्याला जेमतेम अर्धं पान होतं. चेहरा गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत घडतो, मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने. त्यामुळं बहुतेक मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो आणि ती नुसती 'वांड' ठरतात. अशी किती माझ्या हातून निसटली असतील, याचा हिशोब मी मांडत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात याचं वेगळं नाव नाही. बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता, ज्यात बसेल त्यात मूल बसवायचं.

यावर औषध नाही. जे करता येतं ते कंटाळवाणं आहे. एका वेळी एकच सूचना. ब्रश, आंघोळ, गणवेश, दप्तर अशी चित्रं ओळीनं भिंतीवर. कालचं आज पुन्हा शिकवायचं, न चिडता. आणि मार बंद. कालची चूक आणि आजची शिक्षा यांची सांगड घालणारी तारच मेंदूत कच्ची असेल, तर छडीतून तो फक्त छडी शिकतो. हे शाळेतल्या बाईंना पटायला तीन चकरा झाल्या.

नऊ सप्टेंबरला या विकाराचा जागृती दिन असतो. नवव्या महिन्याची नऊ तारीख, नऊ महिन्यांची आठवण म्हणून. मी हौसेनं पोस्टर केलं: गरोदर बाई, हातात बाटली, वर लाल फुली, खाली 'दारू पिणाऱ्या आईचं बाळ'. सोन्याच्या आईनं बराच वेळ ते पाहिलं.

"मॅडम, ह्ये दारावर असतं तर मी आत आले असते का?"

मी गप्प.

"बाटली काढा. लिवा, ताडी थंड नसती. आमच्यातल्या बायांना लगेच कळंल."

तेच लिहिलं. खाली जोडलं, 'ब्रँडी औषध नाही. दिवस गेल्यावर घोटभरही नको.' अंगणवाडीत ते लागलं तेव्हा ती शेजारणींना सांगत होती. मी मागं उभी होते, माझी गरज नव्हती.

आता फॉर्मच्या प्रत्येक झेरॉक्सवर मी पेनानं एक ओळ वाढवते आणि खरंच सगळ्यांना विचारते. गेल्या सोमवारी सात रस्त्याकडचं एक जोडपं आलं होतं, मुलगी सहा वर्षांची. प्रश्न ऐकून नवरा उखडला. "आमच्या घरातल्या बायकांना हे विचारता तुम्ही?" बायको खिडकीबाहेर बघत होती, खूप वेळ. मी पुढचा प्रश्न विचारला.

तिला शुक्रवारी एकटीला बोलावलं आहे.