देवगडचा वारा आणि सातबाऱ्यावरचा सडा

फोंडा घाटात एक लांबडा ट्रेलर वळणावर अडकला आणि मागे आमच्यासकट सगळ्यांचा खोळंबा झाला. ट्रेलरवर नुसते पाइप होते. आजच्या मोठ्या पवनचक्कीचं एक पातं सत्तर मीटरच्या आसपास भरतं, तेही सलग, जोड नसलेलं. ते इथून न्यायचं तर वळणं छाटावी लागतील, कडेची झाडंही जातील. गाडी बंद करून बसलो की डोक्यात असलंच काहीतरी येतं. त्यातून निघालो होतो देवगडच्या पवनचक्क्या बघायला.

नांदगाव तिठ्याला चहा घेतला, मग तळेबाजार, जामसंडे आणि संध्याकाळी देवगड. चक्क्या समुद्रावरच्या टेकडीवर आहेत, शेजारी बाग आहे. दसरा होऊन गेलेला, वारा पडलेला. काही पाती आळसावून फिरत होती, बाकीची गप्प. खाली पोरं भेळ खात होती, एक जोडपं सेल्फीसाठी भांडत होतं.

आपल्या देशात पवनऊर्जेची सुरुवात 1986 मध्ये किनाऱ्यावरच झाली : आपल्याकडे रत्नागिरी, गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तिरुनेलवेली. यंत्रं होती 55 किलोवॅटची, पात्यांचं वर्तुळ जेमतेम 15 मीटर व्यासाचं. आता जमिनीवर उभी राहणारी यंत्रं 140 मीटर व्यासाची असतात. म्हणजे हवेतली व्यापलेली जागा सत्त्याऐंशी पट! देवगडची चक्की बघून ‘पवनचक्की म्हणजे एवढंच ना’ असं कुणाला वाटलं, तर मांजर बघून वाघाचा अंदाज बांधल्यासारखं होईल.

मुक्काम तालुक्यातल्याच एका गावात, ओळखीच्यांकडे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. रात्री जेवताना काकांनी विषय काढला. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कुणीतरी पवनचक्क्यांसाठी वारा मोजायचा खांब रोवून गेलंय.

“वारो मोजूंदे. पण सडो कोणाचो, ता कोण इचारता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर सड्यावर गेलो. चढण संपली की एकदम उघडं आभाळ आणि काळपट जांभा. सातबाऱ्यावर याची नोंद ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. कागद वाचणाऱ्याला वाटावं, इथे काहीच नाही. काका मात्र बोट दाखवत सुटले. इथे गुरं चरतात, इथलं गवत कापून गंजी रचतात, आणि या खळग्यांतलं पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली वाडीच्या विहिरीला लागतं. श्रावणात सगळा कातळ फुलांनी निळा-जांभळा होतो. अशाच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातली कुडोपीची 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आणि अशा सड्यावर एका मोठ्या यंत्राच्या पायाला शेकडो घनमीटर काँक्रीट लागतं. वर जाणारा रस्ता आणि क्रेनसाठी सपाट केलेली जागा वेगळीच.

“आणि सही कोणाची घेणार?” मी विचारलं.

काका हसले. “सातबाऱ्यार तीस नावां. अर्धी डोंबिवलीत.”

मुखत्यारपत्रावर एकजण सही करून मोकळा होतो आणि बाकीच्यांना कळतं ते थेट जेसीबी आल्यावर. भाडं मिळतं ते नाव असलेल्याला. गुरं चारणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतंच.

काकींचा प्रश्न साधा होता : “आवाज येता काय हो?” येतो. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर मी यंत्राखाली उभा राहिलो होतो. प्रत्येक पातं खाली आलं की एक ‘हूप्’. दिवसा काही वाटत नाही, रात्री मात्र आपण पुढच्या ‘हूप्’ची वाट बघत जागे राहतो. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून 500 मीटर अंतर सांगितलंय. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. पण कोकणातली वाडी सड्याच्या कुशीतच असते, तिथे पाचशे मीटर नेमके कुठून मोजायचे? आणि 2006 च्या पर्यावरणीय मंजुरीच्या अधिसूचनेत पवनऊर्जा नाही. त्यामुळे त्या कायद्याखाली होणारी जनसुनावणीही नाही. मला सगळ्यांत खटकतं ते हे.

चाळकेवाडीचीच आणखी एक गोष्ट. तिथल्या अभ्यासावरचा शोधनिबंध 2018 मध्ये आला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले आणि त्यांचा धाक गेल्यामुळे सरडे वाढले. काकांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे घारीचा काम आता आमी करूचा?”

मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशाची राख खाणारी गावंही मी पाहिली आहेत आणि तिथल्या लोकांपुढे हा ‘हूप्’ सांगायची मला लाज वाटेल. पण वीज जाणार ग्रिडमध्ये आणि सडा जाणार वाडीचा, तर निदान वाडीला आधी विचारावं.

उतरताना खांबाजवळ थांबलो. वर तीन वाट्यांचं वारा मोजायचं यंत्र सावकाश फिरत होतं. काकांनी खांबाच्या ताणाला बांधलेलं आपल्या म्हशीचं दावं सोडलं, आणि आम्ही तिला घेऊन खाली आलो.