गायकमंडळाच्या जुन्या कॅसेटी उतरवताना

मलाको हे अमेरिकेतल्या मिसिसिपीचं, जॅक्सन शहरातलं स्वतंत्र लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रणं काढणारी कंपनी. १९४२ साली न्यूअर्कमध्ये सुरू झालेल्या सॅव्हॉय लेबलचा गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांचा) संग्रह त्यांनी १९८६ मध्ये विकत घेतला. एप्रिल २०११ च्या टॉर्नेडोत मलाकोच्या इमारतीची वाताहत झाली, पण मूळ टेपा काँक्रीटच्या खोलीत होत्या, म्हणून वाचल्या.

नागपुरात मात्र चर्चच्या गायकमंडळांनी पदरमोड करून काढलेल्या कॅसेटींच्या नशिबी बहुधा माळ्यावरची लोखंडी पेटी असते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पहिला बळी जातो तो फेल्टच्या पॅडचा. टेपला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारा हा इवलासा तुकडा पितळी पट्टीवर चिकटवलेला असतो. गोंद वाळला की तो गळतो. मग पेटी-तबला ऐकू येतो, पण झांज विझते आणि आवाज येतो-जातो. लोक टेपलाच दोष देतात. पाच स्क्रू काढा, कॅसेट आडवी ठेवूनच वरचं झाकण उचला, रद्दी कॅसेटमधली पट्टी पॅडसकट बसवा. स्क्रू नसतील तर सांध्यात पातळ पातं घालावं लागतं.

टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) अजिबात घालू नका, पुढच्या सगळ्यांना लागण होते.

वाजवण्याआधी टेप एकदा टोकापर्यंत पुढे नेऊन मागे आणा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज मोनो करून हेडशेजारचा, हेडचा कल ठरवणारा स्क्रू अगदी किंचित फिरवत झांज सर्वांत स्वच्छ वाजेल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्यानं करायचं, आणि इथेच सगळे आळस करतात. संगणकावर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर उतरवताना तासाभराच्या कॅसेटला साधारण १ जीबी लागतो.

डबीतल्या छापील कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लेबलचा इतिहास तिथेच असतो: क्रमांक, वादक, स्टुडिओ. १, २ आणि ४ क्रमांकाच्या कॅसेटी हाती आल्या तर ३ शोधायला लागा.

हक्कांचं मात्र जपून. ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिणारे कवी ना. वा. टिळक १९१९ साली वारले, त्यांच्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९८५ ची कॅसेट २०४५ संपेपर्यंत काढणाऱ्याचीच. यूट्यूबवर चढवण्याआधी त्याची, नाहीतर त्याच्या वारसांची, लेखी परवानगी घ्या.